तुझी गाडी कितीची?

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबेल. वेळ नसेल तर पुढे सरका.

दुपारी कॉलेजात आम्हा शिक्षकांची मीटिंग होती. विषय मेंटॉर-मेंटी फाईल, म्हणजे प्रत्येक शिक्षकाकडे सोपवलेल्या मुलांशी झालेल्या भेटींची नोंद. प्रत्येकाने आपापल्या मुलांच्या वर्षभरातल्या तीन भेटींचे फॉर्म भरायचे, सह्या घ्यायच्या आणि जिओटॅग (जागेची नोंद असलेल्या) फोटोसकट सोमवारपर्यंत जमा करायचे. माझ्या वाट्याला 42 मुलं, म्हणजे 126 फॉर्म. कुणीतरी भीतभीत विचारलं, भेटी झाल्याच नसतील तर? उत्तर आलं, "तारखा घाला की. रविवार तेवढा टाळा." सगळे हसले. मीही हसले, आणि आता जास्त राग त्याचाच येतोय.

त्या फॉर्मात 'समस्येचे स्वरूप' असा एक रकाना आहे. शैक्षणिक, वैयक्तिक, इतर. एकावर टिक करा.

माझी समस्या कशात बसली असती, सांगा बरं. 2004 साली मी एफ.वाय. बीएस्सीला नापास झाले. केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल गेलं होतं. जर्नल अर्धवट, हजेरी अर्धवट. वर्षभर सगळे एकच म्हणत होते, मुलीचं लक्ष नाही. मी ऑफिसच्या खिडकीशी दाखला मागायला उभी होते आणि क्लार्क फीची पावती शोधत होता. तेवढ्यात आमचे सर डबा धुऊन येत होते. हातात ओला डबा. म्हणाले, "काय गं, दाखला कशाला?" मी गप्प. मग त्यांनी विचारलं, "तुझी गाडी कितीची?"

एवढंच. का नापास झालीस नाही, घरी काय अडचण आहे नाही. गाडी कितीची.

सव्वाबाराची एसटी, सर. त्यानंतर थेट पाच पंचवीसची मुक्कामी, आणि ती गावात पोचेपर्यंत अंधार. घरून ताकीद होती, अंधार पडायच्या आत उंबऱ्याच्या आत. प्रॅक्टिकल अकरा ते दोन. म्हणजे टायट्रेशन रंगात आलं की मी ब्युरेट तशीच स्टँडला सोडून स्टँडकडे पळायची. (दोन्ही स्टँडच. तेव्हा हसू यायचं नाही.) हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

आता नवीन शैक्षणिक धोरण आलंय. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस. सत्राला 22 क्रेडिट (श्रेयांक). मास्तरांनाच पाठ होत नाही, तर माणदेशातल्या एखाद्या वस्तीवरून आलेल्या, घरातल्या पहिल्याच कॉलेजला जाणाऱ्या पोरीने मायनर, म्हणजे दुय्यम विषय, कशाच्या जोरावर निवडायचा? मैत्रिणीने घेतला म्हणून घेते. माझा मावसभाऊ अमेरिकेत शिकतो. त्याच्या कॉलेजात विषय निवडायच्या आधी सल्लागाराला भेटायचं, आणि त्या माणसाला पगार त्याच कामाचा. आपल्याकडे मी तासिका तत्त्वावर. नऊ महिन्यांची ऑर्डर, शिकवलेल्या तासाचे पैसे. मुलीशी जिन्यात उभं राहून बोललं त्याचं बिल कुठल्या रकान्यात लावू?

बरं, फॉर्म आल्यापासून काही जण निदान मुलांची नावं तरी विचारायला लागलेत, हे मान्य. आणि सरांना पर्मनंट पगार होता, हेही मान्य. असो.

सर 1988 ला लागले. हे फॉर्म ज्या नॅकसाठी भरायचे, ती कॉलेजांना दर्जा देणारी संस्थाच मुळी 1994 ची, त्यामुळे त्यांना गाडी विचारायला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी एका रद्द परीक्षा फॉर्मच्या पाठीवर पेन्सिलीने तक्ता आखला. एटीकेटीत (राहिलेला विषय बाकी ठेवून) पुढच्या वर्गात बस, राहिलेलं प्रॅक्टिकल सकाळी साडेसातच्या बॅचला कर, साडेदहाला मोकळी, सव्वाबाराची गाडी आरामात. बॅच बदलून द्यायला लॅबचे इन्चार्ज तयार नव्हते. सर त्यांच्याशी काय बोलले माहीत नाही, दार लावून बोलले. मला एवढंच माहीत आहे की माझं नाव अ बॅचच्या यादीत शेवटी पेन्सिलीने चढलं आणि वर्षभर कुणी खोडलं नाही.

त्यासाठी सहाची गाडी धरावी लागायची. आई चारला उठून भाकरी थापायची. तिच्या झोपेचा हिशोब सरांच्या तक्त्यात नव्हता, तो मीही तेव्हा केला नाही.

आता माझंच सांगते. आज मीटिंग सुटल्यावर एफ.वाय.ची एक मुलगी दारात उभी. "मॅडम, एका वर्षाचं सर्टिफिकेट मिळतं ना? घरचे म्हणतात तेवढं घे न् थांब." मिळतं. 44 क्रेडिट आणि वर चार क्रेडिटचा एक कोर्स किंवा इंटर्नशिप. तीन वर्षांत परतही येता येतं, कागदावर. कुणाला सोय झाली असेल, झाली असू दे. आमच्याकडे मात्र हे सर्टिफिकेट बापाच्या हातात आयतं कारण देतंय.

पण मी तिला काय विचारलं? माझ्या हातात यादी होती, म्हणून विचारलं, "एबीसी आयडी काढलास का?" म्हणजे क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा नंबर. काढला होता. आधारवर नाव वेगळं लागलंय म्हणाली आणि गप्प झाली. मी टिक केली. खरंच केली.

जिना उतरताना ती पुन्हा दिसली. मला एकदम सर आठवले, ओला डबा आठवला. म्हटलं, "थांब गं. तुझी गाडी कितीची?"

"गाडी नाही मॅडम, मी स्कूटीवर येते."

घ्या. वीस वर्षं जपून ठेवलेला प्रश्न, आणि पोरगी स्कूटीवर. दोघी हसलो. मग हसता हसता तीच म्हणाली, "पण स्कूटी दादाची आहे. जूनपासून तो कामाला जाणार, मग तो नेणार."

लग्नाचं नाही, मार्कांचं नाही. घरात कुणी वाईटही नाही. स्कूटी!

तिच्या वस्तीपासून फाटा दोन किलोमीटर. फाट्यावर सकाळी कुठली गाडी थांबते ते तिला माहीत नाही, कधी लागलीच नाही. उद्या साडेनऊला आम्ही दोघी स्टँडवर कंट्रोलरकडे जाणार आहोत. पास काढायचा झाला तर बोनाफाईड मी आजच सांगून ठेवलंय. त्या बाजूचं कुणी हे वाचत असेल तर गाडीची वेळ इथेच कळवा, उगाच हेलपाटा नको.

फॉर्म सोमवारी. बघू.