विनोद लिहून मिळेल, हशाची हमी नाही

तर तुम्ही ठरवलंच आहे. लिहायचं, विनोदीच लिहायचं, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडी घालायला लिहायचं. अभिनंदन. पुण्यात राहून हा उद्योग करणार असाल तर दुहेरी अभिनंदन. या गावात स्वतःच्या विनोदावर हसणारे पुष्कळ आहेत. दुसऱ्याच्या विनोदाला मात्र तिकीट काढून आलेला माणूसही आधी हाताची घडी घालून बसतो.

पहिला फोन कसा येतो ते सांगून ठेवतो, म्हणजे ओळखता येईल. "सर, तुमच्या हातचा मळ आहे" असं पलीकडून आलं की समजावं, मानधन नाही. "जरा खुसखुशीत करून द्या" म्हणजे गोष्ट सुचलेली नाही. "आमच्याकडे सगळं तयार आहे, तुम्ही फक्त पंच टाका" म्हणजे त्यांच्याकडे एक तारीख आहे, ती परवाची आहे, आणि बाकी काहीही नाही. तिन्हींना हो म्हणा. नाही म्हणालात तर ते स्वतः लिहितील आणि निवेदनात 'मार्गदर्शन' म्हणून तुमचं नाव घेतील.

सोसायटीच्या गणपतीतलं प्रहसन असेल तर कथाबीज वगैरे सुचायची वाट बघू नका. आधी नावांची यादी मागवा. अकरा जणांनी नावं दिली असतील तर पात्रं अकरा. चेअरमनची सून आणि सेक्रेटरींची मिसेस यांची वाक्यं मोजून सारखी हवीत. मोजणारी माणसं तालमीला येतात. बी विंगमधल्या ज्या काकांना पाठ होत नाही त्यांना पेपर वाचत बसलेल्या सासऱ्याचं काम द्यावं, पेपराच्या आत वाक्यं चिकटवता येतात. (ही युक्ती माझी. फुकट देतोय, सवयीने.) हिंजवडीतल्या कंपनीच्या वार्षिक समारंभाचं वेगळं असतं. तिथे साहेबांची थट्टा हवी असते, फक्त ती साहेबांच्या लक्षात येईल अशी नको. लग्नाच्या संगीतासाठी लिहू नका एवढंच सांगतो. कारण विचारू नका.

आता प्रत्यक्ष विनोदाकडे येऊ. माझ्याकडे एक होता, तोच घेतो. नवा भाडेकरू घरमालकाला विचारतो, "काका, पाणी वेळेवर येतं ना?" घरमालक म्हणतो, "अगदी वेळेवर येतं. वेळ कधी येईल ते मात्र सांगता येत नाही."

फार थोर नाही, मलाही कळतं. पण ज्या गावाच्या वर खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर अशी चार धरणं आहेत आणि 'गुरुवारी पाणी बंद' ही बातमी ज्या गावाला आरतीसारखी पाठ आहे, तिथे चालायला हरकत नव्हती. बांधणी बघा. 'अगदी वेळेवर येतं' इथे समोरच्याला निर्धास्त करायचं. मग अर्धा श्वास थांबायचं. मग 'वेळ' या शब्दाला कूस बदलायला लावायची, आणि 'नाही'वर तोंड मिटायचं. तोंड मिटणं सगळ्यात महत्त्वाचं. ते मिटावं म्हणून मी संहितेत कंसात 'पॉज' असं लिहिलं.

कंसात काही लिहू नका. कंसातलं नट वाचत नाहीत. वाचलंच तर मोठ्याने वाचतात. आमच्या पहिल्या घरमालकाने, मनुष्य अत्यंत सज्जन, "अगदी वेळेवर येतं पॉज वेळ कधी येईल" असं एका दमात म्हटलं, आणि पुढचे चार दिवस त्याला 'पॉज' हे कोणत्यातरी वेळेचं नाव वाटत होतं.

पहिल्या वाचनाला सगळे हसतील. त्या हशावर विसंबू नका, तेव्हा चहा यायचा असतो. दुसऱ्या वाचनाला अर्धे हसतील. पाचव्या तालमीला कोणीच हसणार नाही, आणि तिथून तुमचा खरा वनवास सुरू होतो, कारण न हसलेल्या माणसाला एकदम लिहिता येऊ लागतं. आपण हे वाक्य पाचव्यांदा ऐकतोय आणि प्रेक्षक ते जन्मात एकदाच ऐकणार आहे, हा हिशेब तालमीच्या हॉलमध्ये कोणालाच जमत नाही. मग डागडुजी निघते. आमच्या भाडेकरूने सुचवलं, "सर, पाण्याऐवजी वायफाय करू या का? रिलेटेबल होईल." मी म्हटलं, वायफाय वेळेवर येत नाही, ते नुसतंच येतं. तो म्हणाला, "तेच ना, त्यात गंमत आहे."

पुढच्या तालमीला घरमालक म्हणाला, "वेळ कधी येईल सांगता येत नाही, पण पाणी अगदी वेळेवर येतं." मी डोळे मिटून घेतले. तो म्हणाला, "तेच तर म्हणालो!" आणि खरंच, शब्द तेच होते, नुसते मागचे पुढे झाले होते. लाडवात बेदाणा असतोच, पण आधी बेदाणा हातात देऊन मग त्यावर लाडू वळायला बसलं तर काय होईल, असं मी समजावून सांगितलं. त्याला भूक लागली.

त्यानंतर वाक्याला शेपूट फुटलं. "वेळ कधी येईल ते मात्र सांगता येत नाही! काय? म्हणजे पाण्याची वेळ, कळलं का!" दिग्दर्शक म्हणाला, एनर्जी मस्त आहे. त्या शेपटाला पुढे बाकरवडी लागली, मग दुपारी एक ते चारची झोप लागली. पुण्याच्या नाटकात ही दोन्ही तुम्ही लिहिली नाहीत तरी येतात. नाटक महाभारतावर असलं तरी येतात. याला नाटकवाले 'ॲडिशन' म्हणतात. वजाबाकीला त्यांच्याकडे शब्दच नाही.

आणि भाडेकरूची बॅग. घरमालक शेवटच्या शब्दावर आला रे आला की भाडेकरू खांद्यावरची बॅग खाली ठेवायचा. रंगमंचावर जे हलतं तिकडे प्रेक्षकाचा डोळा जातो, आणि डोळा गेला की कान मागे जातो. म्हणून दुसऱ्याच्या पंचवर आपण हलू नये. तुम्ही हे नम्रपणे सांगायला जाल. तो तितक्याच नम्रपणे विचारेल, "मग मी बॅग कधी ठेवू?" याला उत्तर नाही. पुढच्या खेपेला भाडेकरूला रिकाम्या हाताने पाठवा.

एवढं होईपर्यंत तुम्हाला वाटेल की आपलंच काहीतरी चुकतंय. चुकत काही नाही, ही परंपरा आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा पदं सूत्रधार गायचा आणि विदूषक आपलं आपण बोलायचा. त्याला कोणी वाक्यं लिहून दिलेली नव्हती. मराठी रंगभूमीवरचा पहिला हशा हा असा बिनलेखकाचा पिकलेला आहे, आणि नटमंडळी बाकी सगळं विसरतात, हे विसरत नाहीत. तमाशातल्या सोंगाड्याला बतावणी, ती आयत्या वेळची विनोदी जुगलबंदी, लिहून देणं म्हणजे तर खंड्याला सूर मारायला शिकवणं.

वसंत सबनीस यातले शहाणे. 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ साली आलं. वग त्यांचा, पण त्यात दादा कोंडक्यांना हातपाय पसरायला ऐसपैस जागा. त्या जागेत दादा रोज नवं काहीतरी पेरायचे, सकाळचा पेपरसुद्धा सोडायचे नाहीत. लोक अजून दादांच्या हजरजबाबीपणाबद्दल बोलतात, आणि बोलावंच. ती जागा आखून कोणी ठेवली होती, हे विचारायला मात्र कोणी थांबत नाही. तुम्हीही ठेवून बघा जागा. फक्त जागा ठेवली म्हणून दादा कोंडके येतातच असं नाही. बरेचदा बाकरवडी येते.

दुसरी वाट पुलंची. 'बटाट्याची चाळ' लिहायचीही आपण आणि तिच्यातली सगळी माणसं व्हायचंही आपणच. मधला दलालच काढून टाकला. पण त्यासाठी पु. ल. असावं लागतं, आणि ते पद भरलेलं आहे.

निराश होऊ नका, तुमचं अक्षर अन् अक्षर जपणारं कोणीतरी या राज्यात आहे. व्यावसायिक नाटकाची संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते आणि मंजूर झाली तसाच प्रयोग व्हावा अशी अपेक्षा असते. म्हणजे लेखकाने लिहिलं तेच नटाने बोलावं असं मनापासून वाटणारं जे कोणी आहे ते सेन्सॉर आहे. तुमचे दिग्दर्शक नव्हेत, निर्माते नव्हेत आणि घरचे तर नव्हेतच. ते फुली मारत असतील, पण निदान वाचून मारतात.

वाक्य कोणाचं, या प्रश्नाचा निकाल तसा केव्हाच लागलेला आहे. हसू आलं तर ते नटाचं. राग आला तर लेखकाचा. राम गणेश गडकऱ्यांचा अर्धपुतळा संभाजी उद्यानात होता. २०१७ च्या जानेवारीत तो काढून मुठेत टाकण्यात आला, आणि कारण सांगितलं गेलं त्यांच्या 'राजसंन्यास' नाटकातलं संभाजी महाराजांचं चित्रण. गडकरी गेले १९१९ साली, नाटक अपुरंच ठेवून. म्हणजे लेखक मरून ९८ वर्षं होत आली तरी त्याच्या अपुऱ्या नाटकातल्या पात्राचं बोलणं त्याच्याच नावावर जमा होतं. त्यांच्याच 'एकच प्याला'मधल्या तळीरामाचं काम करून टाळ्या घेतलेल्या एकाही नटावर अशी वेळ आल्याचं मी ऐकलेलं नाही. पुतळ्याबद्दल तुम्ही काळजी करू नका, म्हणा. आपल्याला शाल आणि नारळ. तोही कधीकधी आधीच्या सत्कारातला.

प्रयोगाच्या दिवशी पहिल्या रांगेत बसू नका. शेवटच्या रांगेमागे, दाराशी उभं राहा. तिथून डोकी दिसतात, आणि विनोद लागला की नाही हे मागून बघितल्यावर जास्त कळतं: लागला तर डोकी पुढे जातात, नाही लागला तर मोबाईलचा उजेड दिसतो. हौशी नट हशा सुरू असतानाच पुढचं वाक्य बोलून टाकेल, म्हणजे तुमचा पुढचा विनोद तुमच्याच आधीच्या विनोदाखाली चिरडून मरेल. अनुभवी नट थांबेल, आणि नेमका तिथे हशा येणार नाही. दोन्ही प्रसंगी दार जवळ असलेलं बरं.

मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत शिरा आणि कान उघडे ठेवा. बालगंधर्व असो नाहीतर कोथरूडचं यशवंतराव चव्हाण, समीक्षा तिथेच होते आणि चटणीसकट होते. माझ्या पुढे दोघे होते. एक म्हणाला, "लिखाणात दम नाही हो." दुसरा म्हणाला, "नाही ना. पण तो घरमालक झालेला काय बोलतो! पाणी वेळेवर येतं म्हणे. सगळं मनाचं असणार त्याच्या." मी त्यांना मागून म्हणालो, "हो, मनाचंच असतं." दुसरं काय म्हणणार? वडे संपत आले होते.

आणि एवढं सगळं सोसल्यावर एखाद्या दिवशी खरा हशा येईल. आमच्या तिसऱ्या प्रयोगाला आला. पेठेतलं एक सभागृह, खुर्च्या निम्म्या भरलेल्या. भाडेकरूने विचारलं, घरमालक म्हणाला, "अगदी वेळेवर येतं," आणि सगळे लाईट गेले. काळोख. पुढचं वाक्य त्या काळोखात वाहून गेलं असं मी धरूनच चाललो होतो. दोन क्षण शांतता. एरवी दोन क्षण गप्प राहायला सांगून माझा घसा बसला होता, पण काळोखात त्याला शेपूट, एनर्जी, काहीच सुचेना. मग संथपणे त्याचा आवाज आला: "हे बघा, लाईटसुद्धा वेळेवर जातात."

सभागृह कोसळलं. हाताच्या घड्या सुटल्याचा आवाज मला दाराशी ऐकू आला. लाईट आले तरी लोक हसत होते, बॅग कुठल्या कुठे पडली होती आणि तिच्याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं.

अशा वेळी मत्सर करू नका. घरी जा आणि संहिता उघडा. मी रात्री बसून ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं, आधी दोन क्षणांची जागा सोडली, प्रकाशयोजनेवाल्याला फोन करून काळोख नेमका कुठे ते सांगितलं, आणि पुढच्या तालमीला नवी पानं वाटली. घरमालकाने चष्मा लावला. ओळ एकदा मनात वाचली, एकदा मोठ्याने वाचली. मग चष्मा काढून माझ्याकडे अतिशय मायेने बघितलं.

"सर, राग मानू नका," तो म्हणाला, "पण हे जरा पुस्तकी वाटतंय. असं कोणी बोलतं का?"

मागून भाडेकरू म्हणाला, "वायफाय करू या का?"