‘घरबसल्या’ या एका शब्दाबद्दल

‘जुना नाशिककर’ या नावाने प्रतिक्रिया लिहिणाऱ्या महोदयांना,

आपली प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली. पुरात भिजलेल्या जुन्या फर्निचरवरच्या माझ्या लेखात आपल्याला पाच-सहा गोष्टी खटकल्या, त्याबद्दल आभार. इतकं बारकाईने माझ्या घरचेही वाचत नाहीत.

आधी चूक कबूल करते. पॉलिशवर उठणाऱ्या पांढुरक्या डागांसाठी मी ‘थिनर’ लिहिलं होतं, तिथे ‘स्पिरिट’ हवं होतं. जुन्या सामानावर बहुतेक लाखेचं पॉलिश असतं आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणून स्पिरिटचा जेमतेम ओलसर बोळा अलगद फिरवला की थर क्षणभर सैल होतो आणि आत अडकलेला दमटपणा निघून जातो. लेखात बदल केला आहे. झालं समाधान?

आता आपलं ते वाक्य. ‘आमच्या आजोबांनी ६९च्या पुरानंतर सगळं सामान उन्हात टाकलं, आजही ठणठणीत आहे. तुमचं सावलीत वाळवणं म्हणजे घरबसल्या सुचलेलं ज्ञान.’

घरबसल्या. अगदी बरोबर. २००८च्या सप्टेंबरातल्या पुरात मी घरीच होते. सराफ बाजाराच्या मागच्या बोळात, माहेरच्या वाड्यात, जिन्याच्या चौथ्या पायरीवर. खाली माजघरात पेटारा तरंगत होता आणि दाराला धडका देत होता. पाणी ओसरल्यावर दोन दिवस पाटी-फावड्याने गाळ काढला तोही घरबसल्याच. गाळ ओला असतानाच साध्या पाण्याने धुवून काढावा, वाळला की तो कोरीवकामात सिमेंटसारखा बसतो, हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितलेलं नाही. त्या पेटाऱ्याच्या वेलबुट्टीतून मी तो दात घासायच्या ब्रशने उकरत बसले होते. तुम्ही तेव्हा कुठे होतात, हे विचारणार नाही. (विचारलंच म्हणा.)

आणि ऊन म्हणाल, तर उन्हाचा प्रयोगही आम्ही करून बसलोय. आजोबांचं मेज, वरची फळी शिसवी, एकसंध. पाऊस उघडला, कडक ऊन पडलं आणि सगळ्यांच्या आधी ते मेज गच्चीवर न्यायला लावणारी मीच. दुपारी चारच्या सुमाराला वरून आवाज आला, सुपारी फुटावी तसा. जाऊन बघते तर फळीला वीतभर तडा. शिवाय कडा वर उचललेल्या, मधे खोलगट ताटली.

का, ते माझ्याकडे नेहमी येणाऱ्या पॉलिशवाल्या मिस्त्रींनी नंतर समजावलं. लाकूड भिजल्यावर रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. उन्हात वरचा थर झपाट्याने सुकून आक्रसतो, आतला गाभा अजून फुगलेलाच असतो. मग फळीने करायचं काय? फाटायचं. त्यात ज्या बाजूला ऊन लागेल ती बाजू आधी आखडते आणि फळी तिकडे वळते. सांधे चिकटवणाऱ्या सरसाचं तर वेगळंच. तो पाण्याने मऊ पडतो, सांधे ढिले होतात. त्या अवस्थेत घाईने वाळवलं तर सांधा जसा सरकला असेल तसाच वाकडा पक्का होतो. म्हणून मी लिहिलं होतं की सुतळीने काटकोनात आवळा, विटांवर ठेवा, खण ओढून काढण्याची जबरदस्ती करू नका, वारा चारी बाजूंनी खेळू द्या पण पंखा अंगावर सोडू नका. कळणार कसं वाळलं ते? एक सुटी फळी दर आठवड्याला वजनकाट्यावर ठेवा. वजन उतरायचं थांबलं की मग पॉलिशवाल्याला बोलवा, तोवर नाही. आमच्या कपाटाला पुढचा फेब्रुवारी उजाडला.

तुमच्या आजोबांचं सामान टिकलं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. ते भरीव सागवान असणार. साग मुळातच फार हलत नाही, अंगात तेल असतं त्याच्या. आजोबांच्या उन्हाचं श्रेय सागाला द्या, इतकंच म्हणते. आणि पुरानंतर ऊन मिळेलच असं कुठे आहे? २०१९चा पूर ऑगस्टमध्ये आला होता. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला होता, आभाळ फाटलं होतं. तेव्हा तुम्ही ऊन कुठून आणलंत?

आणखी एक. तुम्ही लिहिता, ‘गोदावरीला पूर आला की’. अहो, जुना नाशिककर ‘गंगेला पूर आला’ म्हणतो. पाणी किती, ते मारुतीच्या कमरेवर आणि छातीवर मोजतो. नाव घेताना जरा विचार करायचा. असो, हे लिहायला नको होतं, पण लिहिलं आहे तर राहू दे.

बाकीचे मुद्दे. पुराचं पाणी म्हणजे गटाराचं पाणी, हातमोजे आणि जंतुनाशक का नाही सांगितलं, असं तुम्ही विचारता. ज्याला अक्कल आहे तो हातमोजे घालतोच. बुरशी आणि वाळवीवर वेगळं लिहीन. मिस्त्रींचे दर सांगायला मी दुकान उघडलेलं नाही. ‘बायकांनी स्वयंपाकाबद्दल लिहावं’ असं तुम्ही म्हटलेलं नाही, मान्य, पण ‘घरबसल्या’ पुरुषांना कोणी म्हटलेलं मी अजून ऐकलेलं नाही.

ते मेज आजही हॉलमध्ये आहे. तडा मी बुजवू दिलेला नाही. कधी आलात तर दाखवीन, चहाही देईन. फक्त येण्याआधी आजोबांच्या कपाटाची खालची फळी काढून तिची मागची बाजू तेवढी बघा. पट्टी आडवी धरा आणि मधे किती फट दिसते ते मला कळवा.