डॉ. ऑड्री इव्हान्स : दोन हरकतींना उत्तर

नमस्कार. लहान मुलांच्या कर्करोगाच्या डॉक्टर ऑड्री इव्हान्स यांच्यावरच्या लेखाला तुम्ही दोन हरकती घेतल्या आहेत. पहिली: रुग्णांच्या नातेवाइकांसाठी घर उभारणं हे पुण्यकर्म, ते दादरची गाडगे महाराज धर्मशाळाही करते. त्याला वैद्यकीय कर्तृत्व कसं म्हणायचं? आणि दुसरी: ‘काही बाळांना उपचार कमी द्या’ हा काही शोध नव्हे. असलाच तर तो पुरुष सहकाऱ्यांचा.

दुसरी हरकत मला जास्त लागली, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते.

न्यूरोब्लास्टोमा हा लहान मुलांना होणारा कर्करोग. त्याची गाठ बहुधा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत धरते. कर्करोग शरीरभर पसरला म्हणजे शेवटचा टप्पा, असाच सर्वसाधारण हिशेब. इव्हान्स यांनी १९७१ मध्ये या रोगाच्या टप्प्यांची मांडणी केली, तिच्यात चौथ्या टप्प्यातून एक गट वेगळा काढला: चार-एस. मूळ गाठ लहान. रोग यकृतात, त्वचेत किंवा अस्थिमज्जेत पोचलेला, पण खुद्द हाडांत नाही. बाळ बहुतेकदा वर्षाच्या आतलं. यातल्या पुष्कळ बाळांचा रोग आपोआप ओसरतो. त्यांना जबर औषधं आणि किरणं दिली, तर उपचारच जिवावर बेतू शकतात. यकृत सुजून पोट फुगलंय, त्वचेखाली निळसर गाठी आहेत, आईवडील ‘काहीतरी करा’ म्हणून विनवताहेत. अशा वेळी हात आवरून नुसतं लक्ष ठेवायचं, तर डॉक्टरच्या हाती भक्कम आधार लागतो. तो मिळवून देणं हा शोध नाही, तर काय?

श्रेयाचं म्हणाल, तर या गटावरच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखात पहिलं नाव त्यांचे सहकारी ज्युलिओ डॅन्जिओ यांचं आहे, हे खरं. पण टप्प्यांच्या मूळ लेखात पहिलं नाव इव्हान्स यांचं, आणि ती पद्धत त्यांच्याच नावाने ओळखली गेली. पुढच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानेही चार-एस कायम ठेवला. मोठ्या मुलांतला पसरलेला रोग आजही फार अवघड आहे, हे खरंच. म्हणून तर कोणाशी नेटाने लढायचं आणि कोणाला सांभाळून न्यायचं, हे आधी कळावं लागतं.

आता घराचं. यॉर्कमध्ये जन्मलेल्या इव्हान्स बोस्टनला बालकर्करोगाचे नामवंत डॉक्टर सिडनी फार्बर यांच्याकडे शिकल्या, शिकागोत राहिल्या आणि १९६९ मध्ये फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात आल्या. तिथे लांबून आलेले आईबाप खुर्च्यांवर रात्री काढत. फ्रेड हिल या अमेरिकन फुटबॉलपटूच्या मुलीला ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झाला, त्याचा ईगल्स संघ मदतीला उतरला, मॅकडोनाल्ड्सकडून पैसा आला आणि १९७४ मध्ये आजारी मुलांच्या कुटुंबांना राहण्यासाठी पहिलं रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउस उघडलं. पैसा कंपनीचा होता, पण अशा घराची गरज इव्हान्स यांनी वॉर्डात ओळखली होती. बालकर्करोगाचे उपचार महिनोन्‌महिने चालतात. राहायला जागा नाही म्हणून बाप मुलाला अर्ध्यावर घरी घेऊन गेला, तर उत्तमातलं उत्तम औषधही वाया जातं. दादरची धर्मशाळा हेच काम करते, आणि मी तर तिलाही उपचाराचाच भाग मानते.