‘एक वर्षात सगळ्यांना ग्रॅच्युइटी’? नेमणूकपत्र उघडून बघा

21 नोव्हेंबर 2025 ला चार कामगार संहिता लागू झाल्या आणि फॉरवर्डची लाट आली. मजकूर थोडक्यात असा: आता एक वर्ष नोकरी केली की प्रत्येकाला ग्रॅच्युइटी (नोकरी सुटताना सेवेच्या वर्षांनुसार मालकाकडून मिळणारी रक्कम), राजीनाम्यानंतर दोन दिवसांत सगळा हिशेब, पण हातात येणारा पगार घटणार. तिन्ही गोष्टींत थोडं खरं आहे, म्हणूनच हा मेसेज इतका फिरला.

‘एक वर्ष, प्रत्येकाला.’ नाही. सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 च्या कलम 53 मध्ये सलग 5 वर्षांची अट तशीच आहे. मृत्यू किंवा अपंगत्वामुळे नोकरी सुटली तर ती लागू नाही, हेही जुनंच. नवीन आहे ते ठरावीक मुदतीच्या लेखी करारावर घेतलेल्यांसाठी: त्यांना एका वर्षाच्या सेवेवर, सेवेच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी.

तेव्हा नेमणूकपत्रात नोकरी संपण्याची तारीख आहे का, ते आधी बघा. ‘एक वर्ष प्रोबेशन’ म्हणजे मुदतीचा करार नव्हे. ‘वयाच्या 58 व्या वर्षी निवृत्ती’ हेही नव्हे. ठेकेदारामार्फत आलेल्या कामगाराचा लेखी करार मूळ कंपनीशी नसतो, त्यामुळे तिथे निव्वळ वर्ष भरलं म्हणून तिच्याकडे हक्क सांगता येत नाही. आणखी एक खाचखळगा आहे. कलम 53 मधली सूट कराराची मुदत संपण्याला जोडलेली आहे, तर औद्योगिक संबंध संहितेतली मुदतीच्या नोकरीची व्याख्या करारावर एक वर्ष सेवा झाली की पुरे म्हणते. दोन वर्षांचा करार चौदाव्या महिन्यात स्वतःहून सोडला, तर इथे वादाला जागा राहते. शक्य असेल तर मुदत पूर्ण करा.

कायम नोकरीवाल्यांमध्ये ‘साडेचार वर्षे म्हणजे पाच’ हा समजही जुना आहे. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ पूर्ण वर्ष धरतात ते रक्कम मोजताना. पात्रता ठरवताना नाही. पात्रतेसाठी पाचव्या वर्षात 240 दिवस भरावे लागतात, आठवड्याला सहा दिवसांपेक्षा कमी काम चालणाऱ्या ठिकाणी 190. जुन्या कायद्याखाली मद्रास उच्च न्यायालयाने 4 वर्षे 240 दिवस पुरेसे मानले होते. तरीही काही कंपन्या पूर्ण 5 वर्षांवर अडून बसतात. राजीनाम्याची तारीख दोन-चार महिने पुढे नेता येत असेल तर भांडणापेक्षा ते स्वस्त पडतं.

‘दोन दिवसांत सगळा हिशेब.’ वेतन संहिता, 2019 च्या कलम 17 मध्ये दोन कामाच्या दिवसांची मुदत आहे ती वेतनासाठी, आणि त्यात राजीनामाही येतो. हा बदल खरोखर मोठा आहे. पण ग्रॅच्युइटी वेतनाच्या व्याख्येत बसत नाही. तिला 30 दिवस, पुढे साधं व्याज. पीएफचा दावा तर वेगळाच भरावा लागतो.

‘हातातला पगार घटणार.’ काहींचा. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग आता वेतनात मोजला जातो. समजा पगार 60,000, बेसिक 18,000, बाकी 42,000 व्याख्येबाहेरचे भत्ते. निम्म्यावरचे 12,000 वेतनात येऊन आकडा 30,000 होतो. पीएफ 15,000 च्या मर्यादेवर कापला जात असेल तर कपात 1,800 होती, 1,800 च राहते. पूर्ण वेतनावर 12 टक्के कापत असतील तर 2,160 ची 3,600 होते, आणि कंपनीचा वाटा सीटीसीतच (कंपनीने तुमच्यावर करायच्या एकूण खर्चात) धरलेला असेल तर तेवढीच झळ पुन्हा. उलट ग्रॅच्युइटी वाढते: वेतन × 15 ÷ 26, म्हणजे वर्षामागे सुमारे 10,385 ऐवजी 17,308. मेसेजमध्ये ही बाजू गळाली, कारण घाबरवायला ती कामाची नाही.

पात्र असाल तर नोकरी सुटल्यापासून 30 दिवसांत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. रकमेवरून वाद झाला तरी मालकाला मान्य असलेली रक्कम सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. उरलेल्यासाठी तुम्ही तिथेच अर्ज करायचा.