ऑस्टिओपेट्रोसिसमध्ये खुबा बदलताना
ऑस्टिओपेट्रोसिस म्हणजे हाडं दगडासारखी घट्ट होत जाणारा आनुवंशिक आजार. त्यावरच्या एका लेखात खुबा झिजला की सांधा बदलायचा, एवढंच आलंय. खरी अडचण मांडीच्या हाडात असते. आतली मज्जेची पोकळी बुजलेली, त्यामुळे स्टेम (कृत्रिम सांध्याचा हाडात जाणारा दांडा) बसवायला वाट ड्रिलनंच कोरावी लागते. ड्रिल तापतं, हाड जळतं, कधी बिट (ड्रिलचं पातं) आतच तुटतं. म्हणून वेग कमी, सलाईनची धार सतत, बिट वरचेवर बदलायचे आणि दिशा सी-आर्मवर (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र) दोन्ही बाजूंनी बघायची. हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि दातांतला जंतुसंसर्ग आधीच तपासून घ्या, कृपा करून टाळू नका.

आणि आपल्याकडं, नांदेड जिल्ह्यातल्या किनवट भागात तर नक्कीच, एक्स-रेत हाडं पांढरीफट्ट दिसली तर आधी बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड मोजा. कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम. जास्त फ्लोराइडमुळे होणाऱ्या फ्लोरोसिसमध्येही हाडं अशीच पांढरी दिसतात, शिवाय कोपराखालच्या दोन हाडांमधल्या पडद्यातही बऱ्याचदा कॅल्शियम साचलेलं दिसतं.