मैदान सोडू नका, निम्मं करा

नीटचं (मेडिकल प्रवेश परीक्षेचं) कोचिंग लागलं की इंदूरच्या आपल्या मराठी घरांत पहिला फतवा ठरलेला: खेळ बंद. लोकमान्य नगर घ्या नाहीतर सुदामा नगर, स्पाइक्स (धावण्याचे खिळ्यांचे बूट) माळ्यावर जातात. मला हे पटत नाही. आणि 'दोन्ही पूर्वीसारखंच चालू दे' हेही पटत नाही.

फिटनेस कमवायला जेवढी मेहनत लागते, त्याच्या निम्म्यात ती काही महिने टिकते. अट एकच, वेग उतरू द्यायचा नाही. सहा दिवसांची प्रॅक्टिस तीनवर आणा. ४०० मीटरचे आठ रिपीट्स (तेच अंतर मध्ये विश्रांती घेऊन पुन्हा पुन्हा वेगात पळणं) मारत असाल तर चारच मारा, पण टायमिंग तेच ठेवा. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. मुलं दमलेल्या अंगाने रोज तासभर जॉगिंग करून येतात. वेळ जातो तो जातोच, वर वेगही जातो. मैल चार मिनिटांच्या आत पळणारा पहिला धावपटू, ब्रिटनचा रॉजर बॅनिस्टर याने १९५४ मध्ये मैलभर अंतर ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत पार केलं, तेव्हा तो मेडिकलचा विद्यार्थी होता. जेवणाच्या सुट्टीत उरकायचा प्रॅक्टिस! ४४० यार्डांचे दहा तुकडे, मध्ये दोन मिनिटं विश्रांती, बस्स.

आता घड्याळ बघा. नीटचा पेपर दुपारी २ ते ५, मिनिटं १८०, प्रश्न १८०, त्यातले ९० बायोलॉजीचे. म्हणजे वामकुक्षीच्या वेळी डोकं चालायला हवं, तेही मेच्या उन्हाळ्यात. म्हणून रविवारची मॉक टेस्ट याच वेळेत द्या आणि शनिवारी संध्याकाळी रिपीट्स नकोत. रात्री उशिरापर्यंत जोरात पळालं की झोप लागायला उशीर होतो, आणि दुसऱ्या दिवशी येणारे प्रश्नही चुकतात. रिपीट्सच्या दिवशी फिजिक्सचा नवा चॅप्टर उघडू नका. त्या रात्री चुकांची वही किंवा एनसीईआरटीची उजळणी पुरे.

सहा तास खुर्चीत बसून थेट स्प्रिंट मारली की हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) धरते. वॉर्मअप पंधरा मिनिटांचाच हवा, घाई असेल त्या दिवशी एक रिपीट कमी करा. प्रॅक्टिसनंतर पोहे-जलेबी खुशाल खा (इंदुरात कोण अडवणार!), पण त्यात प्रोटीन नावापुरतंच असतं. सोबत दोन अंडी किंवा ग्लासभर दूध आणि मूठभर शेंगदाणे घ्या. पळण्याआधी आणि नंतर वजन करा. अर्धा किलो घटलं तर पुढच्या काही तासांत पाऊण लिटर पाणी पोटात जायला हवं. मुलींना सारखी धाप लागत असेल तर आळशी म्हणण्याआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा.

स्पर्धांचं गणित वेगळं. मान्यताप्राप्त राष्ट्रीय स्पर्धा बोर्डाच्या पेपरच्या दिवशीच आली तर सीबीएसई खेळाडूंची परीक्षा नंतर घेते, मात्र अर्ज शाळेमार्फत आणि वेळेत जावा लागतो. नीटमध्ये अशी सोय नाही. त्यामुळे त्या वर्षी एप्रिल-मेच्या स्पर्धा सोडा आणि हे कोच सरांना जूनमध्येच सांगून टाका. 'रोज आलास तरच टीममध्ये' असं ते म्हणाले, तर वर्षभरासाठी कोच बदला.