जाड कादंबरी न वाचता 'परत' कशी वाचावी

सर्वांत आधी क्रियापद सुधारा. 'वाचतोय' म्हणालात की समोरचा विचारणार, कुठपर्यंत आलात? 'परत वाचतोय' म्हणा, कोणी काही विचारत नाही. उलट इंदूरच्या 'छप्पन दुकान' खाऊगल्लीत पोह्यांचा दुसरा दोना तुमच्या हातात आधी येतो.

'मृत्युंजय' सोपी. 'कर्णावर अन्याय झाला' हे मत 1967 पासून चालतंय, आणि त्याला कादंबरी तर सोडाच, महाभारतही लागत नाही. कर्णाच्या भावाचं, शोणाचं निवेदन जरा दुर्लक्षित राहिलं, एवढं जोडलंत की तुम्ही अभ्यासक.

'हिंदू' 2010 साली आली तेव्हा घेतलीत, नायक खंडेराव मोहेंजोदडोत असतानाच तुम्ही थांबलात. हरकत नाही. 'सगळी कादंबरीच एक उत्खनन आहे' असं म्हणा. हे वाक्य पहिल्या वीस पानांतच सुचतं आणि पुढच्या पाच-सहाशे पानांना पुरतं. माळ्यावर कुठल्याशा तुटक्या इस्त्रीशेजारी ती सापडली तर कपाळाला हात लावू नका. पूर्ण नावात 'समृद्ध अडगळ' आहेच.

'पानिपत' मात्र इंदूरात जपून. पुण्यात ती भाऊसाहेबांची शोकांतिका असेल. इथे होळकरांच्या राजवाड्याच्या सावलीत तो घरचा खटला आहे. 14 जानेवारी 1761 ला मल्हारराव होळकर रणातून पळाले, की वेळ ओळखून निघाले? मी एकदा भर पंगतीत 'पळाले' म्हणालो. वाढायला आलेली श्रीखंडाची वाटी माझ्या पानाला वळसा घालून गेली. वाढणारे काका नम्रपणे म्हणाले, "ते निघाले म्हणून आपण इथे जेवून राहिलोय." तेव्हापासून मी 'निघाले' म्हणतो. कादंबरीत काय लिहिलंय ते बघायला हवं, पण वाद नको.

राहिली 'तुंबाडचे खोत'. दोन खंड, चार पिढ्या, जगबुडी नदी. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असलेल्या माळव्यात बसून कोकणाविषयी हळवं होण्याची इतकी सोय दुसरीकडे नाही. 'आता असं लिहिणारे राहिले नाहीत' म्हणून उसासा टाका.

फक्त आजूबाजूला सुदामानगरची मावशी नाही ना, ते बघा. साठी उलटलेल्या, चष्म्याला दोरी लावलेल्या या बायका सगळं खरंच वाचतात. मतबित काही देत नाहीत, तपशील विचारतात. माझ्या उसाशावर मावशी एवढंच म्हणाली, "अरे, पहिला खंड तुझ्याकडेच पडून राहिलाय ना दोन वर्षं? आणून दे. मला परत वाचायचाय."

घरी येऊन लॅपटॉपखालून खंड काढला. मावशीची खूण, उज्जैनच्या बसचं तिकीट, अजून सदतिसाव्या पानातच होती. ती उचलून मी मधोमध कुठेतरी, तीनशेच्या आसपास, खोचली.